सरासरी १८ मिलिसेकंद

नमनाला घडाभर तेल न घालता मत आधी सांगून टाकते. सर्च सर्व्हरचा बेंचमार्क ज्याला आकडा हवा असतो त्याने करू नये. रात्री अडीचला ज्याचा फोन वाजणार आहे त्याने करावा. ते जमत नसेल तर निदान त्यातल्या अटी तरी त्याने ठरवाव्यात. हे मत काही पुस्तकं वाचून झालेलं नाही. एक आकडा मी स्वतः काढला होता, त्यातून झालंय.

तर झालं असं. आमच्या टीमकडे एका ऑनलाइन दुकानाचं काम आहे. पुस्तकं, वह्या, दप्तरं, खेळणी असं सगळं मिळून साठेक लाख वस्तू. माहिती इंग्रजी, मराठी आणि हिंदीत. सर्च इलॅस्टिकसर्चवर, म्हणजे खाली ल्युसीन, आणि त्यासाठी सहा मशीन. क्लायंटला क्लाउडचं बिल टोचत होतं. आमच्या मॅनेजरनी विचारलं, "सहा खरंच लागतात का? टेस्ट करून एक आकडा दे." हातात दोन दिवस होते.

मी तीन मशीन उभी केली, त्यांवर दहा लाख वस्तू चढवल्या, दुकानाच्या डेटाबेसमधून पाचशे वस्तूंची नावं काढून एका फाइलमध्ये घातली आणि जेमीटरमध्ये २४ थ्रेड लावून ती फाइल गोल गोल फिरवली. पंधरा मिनिटांनी निकाल: सेकंदाला साधारण १३०० शोध, सरासरी १८ मिलिसेकंद. दुकानाची गर्दीच्या वेळची जास्तीत जास्त नोंद होती सेकंदाला दीडशे. म्हणजे आठपटीहून जास्त जागा! आकडा स्लाइडवर गेला, स्लाइड क्लायंटकडे गेली, सहाची तीन मशीन झाली. मला मेलमध्ये शाबासकी मिळाली. ती मी घरी आईला वाचून दाखवली होती, हे आता सांगायला लाज वाटते, पण असो.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी सेल लागला. रात्री आठला सुरू. नऊ वाजून गेल्यावर नाईट शिफ्टच्या मुलाचा मला फोन आला. "ताई, तुमच्या टेस्टमध्ये तर तेराशे आले होते ना? इथे अडीचशेला मरतंय." पान यायला आठ-आठ, दहा-दहा सेकंद लागत होती. त्याने एक मशीन रिस्टार्ट केलं, मग उरलेली दोन अजूनच दमली. साडेअकराला गर्दी ओसरली तेव्हा कुठे सगळं सरळ झालं.

सोमवारी मीटिंग झाली. त्यात त्या मुलाला विचारलं गेलं की तुला निर्णय घ्यायला चाळीस मिनिटं का लागली. स्लाइडबद्दल कुणीच काही विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. तो मुलगा मीटिंगमध्ये माझ्याकडे एकदाही बघत नव्हता, आणि हेच जास्त लागलं.

मीटिंगनंतर मी महिनाभर शनिवारी हापिसात जाऊन तो बेंचमार्क उकलत बसले. आकडा खोटा नव्हता. तेराशे आले होते म्हणजे आलेच होते. फक्त मी जे मोजलं त्याचा आमच्या दुकानाशी फारसा संबंध नव्हता. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल!

सगळ्यात मोठी गंमत त्या पाचशे नावांची. ती मी डेटाबेसमधून घेतली होती. म्हणजे प्रत्येक नाव शुद्ध, बहुतेक इंग्रजी, आणि प्रत्येकाचं उत्तर इंडेक्समध्ये असणारच, कारण तिथूनच तर ते आलं. 'एकवीस अपेक्षित'मधले प्रश्न जसेच्या तसे पेपरात यावेत आणि आपण बोर्डात आल्याच्या थाटात फिरावं, तसं झालं.

माणसं असं शोधत नाहीत. मी खरा लॉग उघडला तर त्यात 'गणीत', 'दहावी गनित', '10 वी गणित', रोमन लिपीत लिहिलेली मराठी, तीच रोमन लिपी दोन शब्द चिकटवून, 'मृत्यूंजय' मधला त्यू दीर्घ, मोबाइलच्या कीबोर्डने मध्येच घातलेली न दिसणारी अक्षरं, आणि कुणीतरी सर्चच्या चौकटीत पेस्ट केलेला अख्खा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, खाली 'पुढे पाठवा' सकट. महिन्याभराच्या वेगवेगळ्या शोधांपैकी निम्म्याहून जास्त शोध फक्त एकदाच आलेले. हे काही आमच्याच दुकानाचं वैशिष्ट्य नाही. गूगल कितीतरी वर्षं सांगत आलंय की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के त्यांनी आधी कधीच पाहिलेले नसतात.

आता याचा वेगाशी काय संबंध? आमच्या कोडमध्ये असं आहे की पहिल्या सरळ शोधाला पाचापेक्षा कमी निकाल आले, तर पाठोपाठ एक सैल शोध जातो, थोडं चुकलेलं स्पेलिंग चालवून घेणारा. माझ्या पाचशे शुद्ध नावांत हा दुसरा शोध जवळजवळ कधीच गेला नाही. खऱ्या लॉगमध्ये दर तीन शोधांमागे एकदा जातो. आणि महाग तोच आहे.

इथे देवनागरीची एक खोच आहे, जी मला त्या महिन्यापर्यंत माहीत नव्हती. इलॅस्टिकसर्चला 'चुका किती चालवायच्या ते तूच ठरव' असं सांगितलं, तर ते शब्दाची लांबी बघतं: दोन अक्षरांपर्यंत एकही चूक नाही, तीन ते पाच अक्षरांना एक, त्याहून लांब शब्दाला दोन. पण त्याचं 'अक्षर' म्हणजे युनिकोडचा कोड. 'पुस्तक' हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतो. संगणकाच्या दृष्टीने त्यात प, उकार, स, हलन्त, त, क असे सहा कोड आहेत. म्हणजे एवढ्याशा शब्दाला दोन चुकांची मुभा! एका चुकीत सापडणारे शब्द आणि दोन चुकांत सापडणारे शब्द यांत फार मोठा फरक असतो, आणि सर्व्हरला तेवढं जास्त हिंडावं लागतं. ल्युसीनने २०१२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत हा सैल शोध सुमारे शंभरपट वेगवान केला, म्हणून आज तो वापरता तरी येतो. तरी फुकट तो नाहीच. माझ्या इंग्रजी नावांच्या फाइलमध्ये यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं.

(लॉग वापरताना एक पथ्य. माणसं सर्चमध्ये स्वतःचे फोन नंबर, मुलांची नावं, पत्ते, काय वाटेल ते टाइप करतात. २००६ मध्ये एओएलने साडेसहा लाख ग्राहकांचे शोध नावं काढून संशोधनासाठी खुले केले होते, आणि काही दिवसांतच एका वर्तमानपत्राने नुसत्या शोधांवरून एका बाईंचं घर शोधून काढलं. तेव्हा लॉग धुऊन घ्यायचा आणि हापिसाच्या बाहेर न्यायचा नाही. मी शनिवारी घरून काम न करता हापिसात जात होते त्याचं हेही एक कारण.)

दुसरी गोष्ट, माझ्या टेस्टमध्ये कुणी काही लिहीत नव्हतं. फक्त शोध चालू. खऱ्या दुकानात दर क्षणाला कुठल्यातरी वस्तूची किंमत बदलते, साठा कमी होतो. ल्युसीनमध्ये एखादी नोंद 'बदलणं' असं काही नसतं. जुनी नोंद बाद म्हणून खूण करायची आणि नवी अख्खी लिहायची, मग मागाहून असे छोटे छोटे सेगमेंट एकत्र करत बसायचं. हे एकत्र करणं डिस्क खातं. शिवाय पानाच्या डाव्या बाजूला लेखक, प्रकाशक, किंमत यांचे आकडे दिसतात, त्यांची विनंती आम्ही वेगळी पाठवतो. तिचं उत्तर इलॅस्टिकसर्च आपल्याकडे जपून ठेवतं, आणि इंडेक्समध्ये बदल होऊन तो शोधाला दिसू लागला की ते फेकून देतं. आपण काही वेगळं सांगितलं नसेल तर हे दिसणं दर सेकंदाला होतं. माझ्या टेस्टमध्ये काही बदलतच नव्हतं. म्हणून ते आकडे एकदा मोजले गेले ते पंधरा मिनिटं तसेच वाढले गेले. सकाळची पोळी संध्याकाळी. सेलच्या रात्री मात्र किमती बदलणारी स्क्रिप्ट जोरात चालू होती. तिथे प्रत्येक वेळी पोळी नव्याने लाटायची होती.

दहा लाख वस्तूंचा विषय पटकन सांगते, कारण तो ढोबळ मूर्खपणा आहे. मशीनला ३२ जीबी मेमरी, त्यातली निम्मी जाव्हाला. उरलेल्या १६ जीबीत ऑपरेटिंग सिस्टिम इंडेक्सची वाचलेली पानं धरून ठेवते, आणि ल्युसीनचा वेग बराचसा यावरच उभा असतो. दहा लाख वस्तूंचा इंडेक्स नकलेसकट दर मशीनला साधारण दहा जीबी होता. अख्खा मेमरीत. साठ लाखांचा दर मशीनला साठ. तो कुठला मावतोय!

म्हणजे डिस्कवर जावं लागणार, आणि डिस्क क्लाउडवरची. क्लाउडवरच्या काही डिस्क साठवलेल्या पुंजीवर पळतात. अ‍ॅमेझॉनच्या जीपी२ प्रकाराबद्दल त्यांनी हे स्वच्छ लिहून ठेवलंय: एक टीबीपेक्षा लहान डिस्कला सेकंदाला ३००० वाचन-लेखनांपर्यंत उसळी मारता येते, पण पुंजी संपली की दर जीबीला ३ या हिशेबाने. २०० जीबीची डिस्क असेल तर ६००. सतत पूर्ण ताण दिला तर भरलेली पुंजी अर्ध्या-पाऊण तासात संपते. पंधरा मिनिटांच्या टेस्टला हे कधीच दिसणार नाही. सेल आठला सुरू झाला होता आणि फोन नऊनंतर आला होता, हे आठवून मी त्या शनिवारी चांगलीच हसले. हसण्यासारखं काही नव्हतं खरं तर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचं सगळं सुधारलं, खरा लॉग, पूर्ण इंडेक्स, किमती बदलणारी स्क्रिप्ट, दोन तासांची टेस्ट, तरीही माझे आकडे चांगलेच येत होते! तेराशेचे चारशे झाले, पण ९९ टक्के शोध सव्वाशे मिलिसेकंदांच्या आत. मग त्या रात्री लोक दहा सेकंद कशासाठी थांबले?

याचं उत्तर जेमीटरच्या त्या २४ थ्रेडमध्ये होतं. समजा एसटी स्टँडवर रिझर्वेशनची एकच खिडकी आहे आणि तिकिटाला किती वेळ लागतो ते मोजायला तुम्ही एका माणसाला पाठवलंत. तो तिकीट घेतो, वेळ लिहितो, परत तिकीट घेतो, परत लिहितो. मध्येच खिडकीवरचे साहेब चहाला गेले. दहा मिनिटांनी आले. या माणसाने काय लिहिलं? शंभर वेळा 'अर्धा मिनिट', आणि एकदा 'दहा मिनिटं'. शंभरात एखादी गोष्ट होणारच, असं म्हणून तुम्ही सोडून देता. पण त्या दहा मिनिटांत गावातून माणसं येतच होती ना? रांग पार फलाटापर्यंत गेली. त्यातल्या एकाचीही नोंद तुमच्या वहीत नाही, कारण तुमचा मोजणारा माणूस स्वतःच खिडकीपाशी शहाण्यासारखा थांबून होता.

जेमीटरचा नेहमीचा थ्रेड ग्रुप असाच वागतो. उत्तर येईपर्यंत पुढचा शोध पाठवत नाही. सर्व्हर अडकला की तोही सौजन्याने थांबतो. गिल टेने नावाच्या जाव्हातल्या तज्ज्ञाने या घोटाळ्याला नाव दिलं, 'को-ऑर्डिनेटेड ओमिशन'. मोजणारा आणि ज्याला मोजायचं तो, दोघांनी नकळत संगनमत करून वाईट नोंदी गाळणं.

आकड्यांत बघा. एक मिनिट, सेकंदाला १०० शोध यावेत अशी अपेक्षा, प्रत्येकाला १० मिलिसेकंद. मध्ये जाव्हाने कचरा गोळा करायला सहा सेकंद सर्व्हर थांबवला. एका थ्रेडची वही सांगेल: ५४०० शोध १० मिलिसेकंदांचे आणि एक सहा सेकंदांचा. ९९ वा पर्सेंटाइल १० मिलिसेकंद. झकास! प्रत्यक्षात त्या सहा सेकंदांत ६०० माणसं आली. साठलेली रांग नंतर क्षणात संपली असं धरलं तरी सहा हजारांपैकी ६०० जण सरासरी तीन सेकंद ताटकळले, आणि खरा ९९ वा पर्सेंटाइल होतो ५.४ सेकंद. त्याच सर्व्हरचा, त्याच मिनिटाचा. १० मिलिसेकंद आणि ५४०० मिलिसेकंद!

सीईटीमुळे पर्सेंटाइल महाराष्ट्रात घरोघरी पोचलंय, तेव्हा ते समजावत बसत नाही. पण सर्चच्या बाबतीत ९९ वगैरे ऐकून 'शंभरातल्या एकाला त्रास झाला तर झाला' असं म्हणू नका. एक शोध इंडेक्सच्या सगळ्या शार्डना विचारला जातो, आणि सगळ्यात हळू शार्ड बोलल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. पाच शार्ड, आणि प्रत्येक शंभरात एकदा अडखळतो, तर जवळजवळ ५ टक्के शोध अडखळले. जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ च्या त्यांच्या लेखात हाच हिशेब शंभर सर्व्हरना लावून दाखवला होता: प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच एक सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतो, तरी ६३ टक्के ग्राहकांना सेकंदाच्या वर थांबावं लागतं.

उपाय नवा नाही. शोध ठरलेल्या गतीने पाठवत राहायचे, सर्व्हर उत्तर देवो न देवो, आणि घड्याळ शोध 'जायला हवा होता' त्या क्षणापासून लावायचं. इलॅस्टिकवाल्यांचं रॅली नावाचं साधन २०१६ पासून उपलब्ध आहे, त्यात हव्या त्या गतीची अट घालता येते, आणि सर्व्हरने घेतलेला वेळ व रांगेसकट लागलेला वेळ हे दोन वेगळे आकडे मिळतात. माझ्या शनिवारच्या टेस्ट आता त्यातच चालतात. तीन मशीनवर सेकंदाला २५० ची गती लावली तेव्हा पहिली पस्तीस मिनिटं सगळं ठीक. मग रांगेसकटची रेघ अशी उभी चढली की मला त्या रात्रीचा फोन परत ऐकू आला. सर्व्हरने घेतलेल्या वेळाची रेघ तेव्हाही दीड-दोनशे मिलिसेकंदांवरच होती, हे विशेष!

माझा एक मित्र दुसऱ्या कंपनीत सर्चचंच काम करतो. त्याचं म्हणणं, "एवढा उपद्व्याप कोण करणार? कालच्यापेक्षा आज हळू झालंय की नाही एवढं कळलं तरी पुष्कळ." त्याचंही खोटं नाही. ल्युसीनचे स्वतःचे रोज रात्रीचे बेंचमार्क २०११ पासून माइक मॅककँडलेस चालवतात, इंग्रजी विकिपीडियाच्या मजकुरावर, आणि आलेख सगळ्यांना बघायला खुले असतात. कुठल्या दिवशी कुठल्या बदलाने रेघ वर-खाली गेली त्याच्या टिपा असतात. ते वाचणं हा एक छंद होऊ शकतो (मला झालाय :)). पण तिथे प्रश्नच तेवढा आहे: कालचा कोड आणि आजचा कोड. तुमच्या गावात तीन मशीन पुरतील का, हे सांगायला ते बसलेलेच नाहीत. माझी चूक हीच, की मी तसल्या प्रश्नाचं उत्तर काढलं आणि भलत्याच प्रश्नाखाली ते लिहिलं.

आणि चूक फक्त तांत्रिक होती असं मी म्हणणार नाही. मला 'तीन पुरतील' हे उत्तर हवं होतं. मॅनेजरना हवं होतं, क्लायंटला हवं होतं, मला शाबासकी हवी होती. पाचशेऐवजी पन्नास हजार शोध घ्यायला मला तासभर जास्त लागला असता. पहिल्याच टेस्टमध्ये तेराशे आले नसते, दोनशे आले असते, तर मी नक्की शोधलं असतं की काय चुकलं. तेराशे आले म्हणून शोधलं नाही. आपल्या बाजूचा आकडा आला की माणूस टेस्ट थांबवतो, हे मी तेव्हापासून दुसऱ्यांच्याही स्लाइडवर बघते आहे. डेटाबेसच्या जगात तर १९८३ च्या विस्कॉन्सिन बेंचमार्कपासून एक रीतच पडली. त्यात ओरॅकलचा आकडा चांगला आला नव्हता. पुढे आमच्या परवानगीशिवाय बेंचमार्कचे आकडे छापायचे नाहीत अशी अट लायसन्समध्ये आली, आणि त्या अटीला लोक तो बेंचमार्क करणाऱ्या प्राध्यापकाच्या नावाने 'डेविट क्लॉज' म्हणतात. आकडा छापायला कंपन्या इतक्या घाबरत असतील, तर काढणाऱ्याने थोडं तरी घाबरावं.

म्हणून सुरुवातीला जे म्हटलं ते. ज्याला रात्री उठायचं आहे त्याला चांगल्या आकड्यात काही रस नसतो. त्याला फक्त हे हवं असतं की कुठे तुटतं ते आधी कळावं.

मी त्या मुलाकडे गेले. आधी जे मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं ते कँटीनमध्ये बोलले, मग मॅनेजरना मेलवर लिहून पाठवलं, त्याला कॉपीत ठेवून. मॅनेजरांचं उत्तर आलं, "ओके, नोटेड." मोठं काही घडलं नाही. मग त्या मुलाला म्हटलं, टेस्टच्या अटी तू लिही. तो आधी संकोचला, "ताई, मला जेमीटर वगैरे येत नाही." म्हटलं, तेच बरंय. त्याने पाठीमागच्या पानावर लिहून दिलं: किमतीची स्क्रिप्ट चालू असताना. बॅकअप चालू असताना. एक मशीन मेलेलं असताना. मेलेलं मशीन परत येत असताना. शेवटची अट कुठल्याही ब्लॉगवर मी वाचली नव्हती.

आत्ता चार मशीन आहेत. सहाची गरज नव्हतीच, म्हणजे मॅनेजरांचा मूळ संशय बरोबर होता, हे कबूल करायला हवं. आता त्यांना मी आकडा देते तो असा: 'सेकंदाला ३२०, पूर्ण इंडेक्स, किमती बदलत असताना, चारही मशीन चालू, दोन तास, १०० पैकी ९९ जणांना एक सेकंदाच्या आत'. ते म्हणाले, "एवढं स्लाइडवर मावत नाही." मग त्यांनी अक्षर लहान केलं.

गेल्या शनिवारी टेस्ट चालू असताना चाळिसाव्या मिनिटाला त्या मुलाने मला न सांगता एक मशीन बंद केलं. मिनिटभर काहीच झालं नाही. इलॅस्टिकसर्च साधारण तेवढा वेळ वाट बघतं, गेलेलं मशीन परत येईल म्हणून. मग उरलेल्या तिघांवर हरवलेल्या शार्डच्या नव्या नकला बनायला लागल्या आणि रेघ चार सेकंदांवर गेली. आम्ही दोघं चहा हातात धरून बघत होतो. त्याने वहीत वेळ लिहिली.

पुढच्या शनिवारी बॅकअप चालू असताना काढायचं ठरलंय. कितव्या मिनिटाला ते तो मला सांगणार नाहीये.